गोदामातला आवाज

माझा नवरा परदेशी सिनेमांना आपल्या भाषेत आवाज देतो. वीस वर्षं त्याच्या वाट्याला किरकोळ कामंच आली: तिसरा पोलीस, लिफ्टमधला डॉक्टर, मरता मरता ‘पळा’ म्हणणारा शास्त्रज्ञ. मग एकदाचा मोठा खलनायक मिळाला. सिनेमा भविष्यातला. एका शहरात प्रत्येकाच्या मनगटावर नंबर, आणि जो कामात मंदावेल त्याला यंत्रमानव येऊन उचलणार. या सगळ्याचा कर्ताकरविता तो ‘नियंता’.

महिनाभर आमच्या घरात नियंताच नांदत होता. मी भाजी चिरत असले की मागून आवाज यायचा, “मान खाली!”

“अरे, खालीच आहे. वर बघून कांदा चिरत नाही कोणी.”

लिहून आलेलं एक वाक्य लांबलचक होतं: ‘ज्याची शक्ती क्षीण झाली, त्याचा अंत निश्चित आहे.’ ते बोलून संपायच्या आत पडद्यावरच्या नटाचे ओठ मिटूनही जायचे. नवऱ्याने ते स्वतःच छाटलं. ‘थकला, तो संपला.’ ओठांवर चपखल बसलं. त्या दिवशी तो घरी आला तो उड्या मारतच. “हे ऐकून लोकांच्या पोटात गोळा आला पाहिजे,” म्हणाला.

पहिल्याच रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही गेलो, तो, मी आणि माझी नणंद. थिएटर खचाखच भरलेलं. मध्यंतराच्या आधी एक म्हातारी पेटी उचलताना अडखळते. नियंता येतो, तिच्याकडे बघतसुद्धा नाही, ते वाक्य बोलतो आणि यंत्रमानव तिला चिरडतो. मी डोळे मिटून घेतले.

आणि थिएटरात शिट्ट्या वाजल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या कोणीतरी ते वाक्य पुन्हा म्हटलं, मग दहा जणांनी एका सुरात.

“टाळ्या कशाला वाजवतायत?” नवरा कुजबुजला.

“तुझ्या आवाजाला, दादा!” नणंद म्हणाली. “आणि तू असा सुतकी चेहरा करून काय बसलायस?”

“अगं, म्हातारी मेली तिथे.”

“सिनेमा आहे रे. खरी थोडीच मेली?”

शेवटी नायकाने नियंत्याला मारलं, तेव्हा मात्र सगळे हळहळले. बाहेर पडताना जिन्यात एक बाई आपल्या नवऱ्याला सांगत होती, “उगाच मारला हो त्याला.” नायकाचं नाव काय होतं, ते मला आजही आठवत नाही. कोणालाच आठवत नाही.

महिन्याभरात ते वाक्य छातीवर छापलेले शर्ट आले. व्यायामशाळेच्या पाटीवर आलं. नणंद शिकवते त्या शाळेतले खेळाचे सर ते म्हणून मुलांना पळवायला लागले. नवरा आधी चिडायचा, नंतर गप्प बसायला लागला. मला वाटलं, येईल आणि जाईल. लोकांना दर महिन्याला नवं खूळ लागतंच.

मी बुटांच्या गोदामात पॅकिंगला आहे. आमच्या मुकादमाला आम्ही चिमटा म्हणतो. माणूस हसतच बोलतो, वळ नंतर दिसतो. एका मंगळवारी जेवणाची सुट्टी संपली आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून माझा नवरा गरजला, “थकला, तो संपला!”

सगळे खो खो हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? दोन जणींनी मला कोपर मारून म्हटलं, “घरीपण असंच बोलतात का गं?”

बुधवारी भिंतीवर एक पडदा लागला. दर तासाला सगळ्यात मागे पडलेल्या तिघींची नावं त्यावर लाल अक्षरांत झळकायची, आणि सोबत तो आवाज. पहिल्याच दिवशी तिसरं नाव मावशीचं. मावशी माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. निवृत्तीला पाच महिने उरलेले, एक गुडघा कायम सुजलेला. तिने पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, “बघ, या वयात माझं नाव पडद्यावर आलं!”

गुरुवारी नाव दुसरं आलं. शुक्रवारी पहिलं. त्यानंतर मावशी विनोद करेनाशी झाली. पाणी प्यायला जाईनाशी झाली. सोमवारी वरच्या फळीवरून खोके काढायला ती शिडीवर चढली, एकाऐवजी तीन खोके कवटाळून उतरायला लागली आणि पाचव्या पायरीवरून खाली आली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आम्ही दोघी-तिघी तिला धरून दाराकडे नेत होतो तेवढ्यात तास भरला. पडदा लाल झाला आणि स्पीकर बोलला. माझ्या नवऱ्याचाच आवाज. मागे कोणीतरी हसलं. सवयीने असेल, पण हसलं.

घरी गेले ती चपलासुद्धा न काढता त्याच्यावर तुटून पडले. “तुझ्या त्या तीन शब्दांनी मावशीचा हात मोडलाय. लिहिलेलं बोलायचं सोडून छाटायला कोणी सांगितलं होतं तुला?”

तो म्हणाला, “मी तो माणूस घाण वाटावा म्हणून बोललो होतो गं.”

“मग कोणाला वाटला घाण? एक नाव सांग!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याबरोबर गोदामात आला आणि थेट व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये शिरला. मीही आत गेले. तो कोण हे कळताच व्यवस्थापक खुर्चीतून उठला. “तुम्हीच? काय सांगता! एकदा म्हणा ना!” त्याने चिमट्याला बोलावलं, चिमट्याने आणखी चौघांना. सगळ्यांचे फोन वर.

“तो आवाज बंद करा,” नवरा म्हणाला. “तो खुन्याचा आवाज आहे. तुम्ही सिनेमा पाहिलात का नीट? तो माणूस तुम्हाला आवडायलाच नको.”

“साहेब, सिनेमात धडा घेण्यासारखा तोच एक आहे,” व्यवस्थापक म्हणाला. “त्याच्या शहरात कामं वेळेवर होतात.”

“त्याच्या शहरात माणसं मारतात!” नवरा ओरडला. घसा फाटेस्तोवर ओरडला. “इथे एका बाईचा हात मोडलाय! लाजा वाटत नाहीत तुम्हाला?”

चिमटा म्हणाला, “भारी!” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चक्क टाळ्या! एक जण म्हणाला, “साहेब, फोन जरा हलला, पुन्हा एकदा कराल?”

नवरा दार उघडून निघून गेला. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. मी केबिनमधून बाहेर आले, खोके कापायची सुरी घेतली, टेबलावर चढले आणि स्पीकरची वायर सटासट कापली. मग पडद्याची कापली. चिमटा धावत आला. तेव्हा माझ्या रांगेतल्या अकरा जणींनी हातातलं काम खाली ठेवलं. कोणी भाषण केलं नाही, घोषणा दिली नाही. हाताची घडी घालून दोन तास नुसत्या उभ्या राहिल्या.

पडदा गेला. ‘तांत्रिक कारणामुळे’ अशी चिठ्ठी लागली. माझी बदली परत आलेल्या मालाच्या खोलीत झाली; तिथे खिडकी नाही आणि वास सगळा लोकांच्या पायांचा. स्पीकर चौथ्या दिवशी नवा आला. आता तो दिवसातून एकदाच बोलतो, सुट्टी संपताना. दुसऱ्या भागासाठी स्टुडिओतून फोन आला, तेव्हा नवऱ्याने नाही म्हटलं. मी म्हटलं, जा आणि मुद्दाम वाईट बोल. तो म्हणाला, “वाईट बोलता येत नाही मला.” ते काम दुसऱ्या कोणाला मिळालं. हुबेहूब याच्यासारखा बोलतो म्हणतात.

मावशीला भेटायला मी एका रविवारी गेले. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, उशीला टेकून बसलेली. “वेळ जाता जात नव्हता,” ती म्हणाली, “सुनेने फोनवर तो तुमचा सिनेमा लावून दिला. बाई गं, काय आवाज लावलाय तुझ्या नवऱ्याने! मला तर तोच आवडला. बोलतो ते करून तरी दाखवतो. आपल्याकडे असा एक जण हवा.”

मी तिच्यावर ओरडले. मोडक्या हाताच्या, आईच्या वयाच्या बाईवर. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ‘तुला अक्कल आहे का’ एवढं नक्की बोलले. सून आतून धावत आली. मावशीचे डोळे भरले. “अगं, नुसता सिनेमा तर पाहिला मी,” ती म्हणाली.

मी जिना उतरले. राग नेमका कोणावर काढायचा ते मला अजूनही कळलेलं नाही.