हँडलची मान

सासूबाईंनी बटणांचं दुकान विकलं आणि त्याच आठवड्यात सायकल घेतली. नवीकोरी नव्हे. कुणाच्या तरी जिन्याखाली धूळ खात पडलेला तो एक सांगाडा होता. त्याला त्यांनी बाटलीसारखा गडद हिरवा रंग लावून घेतला, चंदेरी मडगार्ड बसवली, तपकिरी सीट घातली आणि सीटला जुळतील अशा मुठी मिळेपर्यंत शहरातल्या यच्चयावत दुकानदारांना सळो की पळो करून सोडलं. जन्मभर लोकांच्या कपड्यांना बटणं जुळवून दिलेली बाई ती. अर्ध्या छटेचा फरकही त्यांच्या डोळ्यांत खुपायचा.

आता एकच भाग राहिला होता, तो म्हणजे स्टेम. हँडलला सायकलशी जोडणारा तो वीतभरापेक्षाही लहान तुकडा. सासूबाई त्याला ‘हँडलची मान’ म्हणत.

मान म्हटल्यावर सून सोबत निघाली. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांच्या माना, कंबरा आणि खांदे सरळ करायचे आणि घरी येऊन नवऱ्याला ‘नीट बस’ म्हणायचं, हे तिचं आयुष्य. सासूबाईंना एकटं सोडलं तर त्या काय उचलून आणतील, याची तिला पुरेपूर कल्पना होती.

दुकानदाराने काउंटरवर पाच-सहा स्टेम मांडले. सासूबाईंचा हात सरळ एका लांबसडक, सडपातळ, चंदेरी स्टेमवर गेला. त्यांनी तो दोन बोटांत धरून उजेडात फिरवला.

“हा बघ. काय डौल आहे!”

“डौल आहे, पण लांबी बघा ना, आई,” सून म्हणाली. “स्टेम लांब म्हणजे हँडल लांब. वर हा सपाट, म्हणजे हँडल खाली. तुम्ही पुढे वाकणार, सगळा भार तळहातांवर येणार आणि रस्ता बघायला मान मागे मोडावी लागणार. हे असं.”

असं म्हणून तिने काउंटरवर ओणवं होऊन, हात ताणून, मान वर करून दाखवली. तेवढ्यात ट्यूब घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी घाबरून विचारलं, “बाईंना पाणी हवंय का?”

“नको, ती समजावून सांगतेय,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेने काळा स्टेम उचलला. मध्ये बिजागरी होती, त्यामुळे हँडल हवं तेवढं वर करता येत होतं. “हा घ्या. पाठ ताठ राहील, हात मोकळे राहतील.”

सासूबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, जशी कधीकाळी रेशमी ब्लाउजला प्लास्टिकचं बटण मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे टाकत असतील. “हा नळाचा सांधा आहे.”

“दोन्ही चांगले आहेत,” दुकानदार म्हणाला आणि एका वाक्यात दोघींच्याही मनातून उतरला.

अर्थात चंदेरी स्टेमच घरी आला.

पहिले काही दिवस सासूबाई हवेत होत्या. सायकल दिसतही होती झकास. लोक वळून बघत. भाजीवालीने तर हातातला तराजू तसाच धरून ‘कुठून घेतली?’ म्हणून विचारलं. पण जेवताना सुनेच्या एक गोष्ट लक्षात येऊ लागली. डावीकडचं मीठ घ्यायचं असलं, की सासूबाई कपाट सरकवावं तशा अख्ख्या वळत. मान जागची हलत नव्हती.

“दुखतंय का आई?”

“छे! मला काय धाड भरलीय?”

मग एके संध्याकाळी सुनेच्या माहेरून फोन आला. तिची आई, म्हणजे घरात सगळे जिला माई म्हणत ती, फणफणली होती.

“तुझ्या सासूबाईंना झालंय तरी काय? पुलावर मी हात केला. हाक मारली. अगदी समोरून आल्या, आणि खाली मान घालून सरळ निघून गेल्या! सायकल काय आली, ओळखदेख विसरल्या? मी काही एवढी लहान दिसत नाही!”

ते खरं होतं. माई उंचीने आणि आवाजाने मुळीच लहान नव्हती.

“माई, त्यांनी पाहिलं नसेल गं.”

“नसेल कसं? विहिणी आहोत आम्ही! आता मी काही आपण होऊन बोलायची नाही.” आणि फोन बंद.

रात्री पानं वाढता वाढता सुनेने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, आज पुलावर माई दिसली का हो?”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “पुलावर? मला पुलावर नुसतं डांबर दिसलं.” मग थोडं थांबून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “खरं सांगू? मानच वर होत नाही गं. माणसं मला हल्ली गुडघ्यापर्यंतच दिसतात. चपला बघून ओळखते. विहीणबाईंनी नव्या घेतल्या असतील.”

सुनेला हसू आवरेना, पण तिने ते गिळलं आणि जेवणं झाल्यावर सासूबाईंची मान शेकून दिली. दुसऱ्याच दिवशी बिजागरीवाला काळा स्टेम आणून स्वतःच्या हाताने बसवला. सासूबाईंनी गल्लीला एक फेरी मारली.

“आराम आहे,” त्या म्हणाल्या. कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर लावतात तसा आवाज लावून.

त्यानंतर सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. एक दिवस ऊन फार होतं. एक दिवस आभाळ आलं होतं. मग चाकात हवा कमी वाटली. मग गुडघा. आणि एका सकाळी सुनेने पाहिलं, तर दुकानातल्या उरलेल्या लेसचं एक झालरदार आवरण शिवून सासूबाईंनी ते स्टेमवर चढवलं होतं. सायकलीला सर्दी झाली असावी आणि कुणी तिच्या गळ्याभोवती रुमाल बांधला असावा, तसं ते दिसत होतं.

सुनेचं डोकंच फिरलं. एवढं समजावून, राबून, शेवटी हे? तणतणतच ती क्लिनिकला गेली. पहिल्याच पेशंट म्हणून शाळेतल्या एक बाई आल्या. त्यांना तिने मानेला लावायचा पट्टा दिला होता.

“पट्टा लावता ना?”

“लावते की,” बाई निरागसपणे म्हणाल्या. “घरात कुणी नसलं की. चारचौघांत कसा लावणार हो? रंग बघा ना त्याचा.”

सुनेने पट्ट्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती तो लोकांच्या गळ्यात बांधत आली होती, पण त्याच्या रंगाकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं. मळकट गुलाबी. भयंकर होता. तिला एकदम ओशाळल्यासारखं झालं. सासूबाईंनी स्टेमच्या दिसण्याबद्दल चार वेळा सांगून पाहिलं होतं, आणि तिने प्रत्येक वेळी त्यांना मणक्यांची नावं ऐकवली होती.

संध्याकाळी ती परत सायकलच्या दुकानात गेली. या वेळी तिने बिजागरी नको म्हटलं. आखूड, वर उचललेला, पण एकसंध असा स्टेम मागितला. दुकानदाराने शोधून एक काढला. आकार छान होता. रंग मात्र काळाच.

“चंदेरी नाही?”

“या मापात नाही,” तो म्हणाला. काळाही चांगला दिसतो हे मात्र या वेळी त्याने मनातच ठेवलं.

तिने तो घेतला आणि घरी येऊन नवऱ्यापुढे ठेवला. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. आई आणि बायको यांच्या या स्टेमप्रकरणात त्याने आजवर एकही शब्द खर्च केला नव्हता.

“तुझ्याकडे मशीन आहे ना, दातांना चकाकी आणायचं? याचा काळा रंग काढून चकाकी आण.”

“हा दात नाहीये.”

“मग तोंडात घालू नकोस.”

नवरा कुरकुरत घेऊन गेला. पण एकदा हातात धातू आणि समोर फिरतं चाक आलं, की त्या माणसाला जगाचं भान राहत नसे. बारीक कागदाने त्याने काळा थर हलकेच उतरवला, मग पेस्ट लावून घासलं, मग आणखी मऊ ब्रशने घासलं. जेवायलाही आला नाही. दोन दिवसांनी त्याने कवळ्या ठेवायची निळी डबी आईच्या हातात ठेवली.

“हे काय?” सासूबाई भडकल्या. “माझे सगळे दात शाबूत आहेत!”

“उघड तर.”

त्यांनी उघडली. कापसात स्टेम झोपला होता, चंद्रासारखा लख्ख. सासूबाई खिडकीशी गेल्या, दोन बोटांत धरून त्यांनी तो उजेडात फिरवला.

“इथे कडेला एक रेघ राहिलीये,” त्या म्हणाल्या.

“ती मलाही खटकत होती,” मुलगा म्हणाला आणि डबी घेऊन निमूट परत गेला. सुनेला रेघ काही केल्या दिसली नव्हती.

रेघ गेली, स्टेम बसला. सासूबाई सायकलवर चढल्या. कोपर सैल, पाठ सरळ, नजर समोर. गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि वळून आल्या.

“मान थोडी आखूड वाटते. बदकासारखी,” त्या म्हणाल्या. “पण बदकं काही दिसायला वाईट नसतात.” सुनेकडे न बघताच त्यांनी तिच्या दंडावर एक थाप मारली. “तुझ्या माईंकडे चल.”

“चालत?”

“तू चालत. मी हळू चालवते.”

माई तिसऱ्या मजल्यावर राहायची. खिडकीत उभी होती. दोघींना येताना तिने केव्हाच पाहिलं होतं, पण चेहऱ्यावर न पाहिल्याचा भाव पक्का बसवला होता. सासूबाईंनी खाली सायकल थांबवली, घंटी वाजवली आणि मान सरळ वर, तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलली.

“विहीणबाई! अहो, दिसताय हो मला! अख्ख्या दिसताय! त्या दिवशी खरंच मानेने दगा दिला, रागावू नका.”

वरचा भाव थोडा वेळ टिकला. मग माई खाली आली. आधी तिने विहीणबाईंच्या मानेकडे पाहिलं, मग सायकलभोवती एक चक्कर मारली.

“हिरवा मला आवडत नाही,” ती म्हणाली. “पण हे पुढचं चकाकतंय ते छान आहे. चला वर, कॉफी घ्या.”

“आणि सायकल? रस्त्यावर ठेवू? कुणी ओरखडा काढला म्हणजे?”

दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सुनेकडे. सायकल जिन्याने वर निघाली. मागचं चाक सुनेच्या खांद्यावर, मध्ये सासूबाई रंग जपत, आणि पुढे हँडल धरून माई, “डावीकडे! अगं डावीकडे!” असं सगळ्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत. दुसऱ्या मजल्यावर तिने दम खायला थांबून चंदेरी स्टेमवर मूठ आवळली.

“धरायलाही बरं आहे हो हे,” ती म्हणाली.

“सुनेने निवडलंय,” सासूबाई म्हणाल्या, आणि उरलेला मजला सुनेला सायकल बरीच हलकी लागली.