अडतीस मिनिटं

अकरा अठरा झाले, तरी उभ्या केलेल्या पाइपची सावली गेली नाही. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर ती चांगली सव्वा फूट लांब पडली होती.

खांदेश्वरच्या त्या सोसायटीतले पंधराएक जण दिनानाथसरांच्या सांगण्यावरून मे महिन्याच्या उन्हात वर आले होते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते, तो आजचा दिवस. सरांनी वेळ हाताने काढली होती. वाशीच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. आकाशाला हात लावता येत नाही म्हणून तर गणित लागतं, असं ते मुलांना सांगत.

सेक्रेटरी केयूरने मोबाइल पाहिला आणि जरा अवघडून म्हणाला, "सर, यात बारा चौतीस दाखवतायत."

सरांनी खिशातून वही काढली, भिंतीला टेकवून पुन्हा गणित मांडलं. उत्तर अकरा अठराच आलं. तिसऱ्यांदाही तेच. शर्ट पाठीला चिकटला होता. "टेन्शन नका घेऊ सर, होतं असं," म्हणत केयूर निघाला, आणि त्याच्यामागे एकेक करून सगळेच खाली गेले.

सरांची बायको सुनीती तेवढी थांबली. गेल्या वर्षभरात नवरा दोनदा स्टेशनवरून घरी यायची वाट चुकला होता. पुण्याहून लेक, क्षिप्रा, दर रविवारी डॉक्टरांचा विषय काढायची. सर तिला म्हणायचे, माझं गणित चुकेल त्या दिवशी ने. सुनीतीलाही त्या वाक्याचा आधार वाटायचा.

तिने वहीत डोकावलं. ती स्वतः मॅट्रिक. पण बाहेरच्या खोलीत शिकवण्या चालायच्या, तेव्हा पोळ्या लाटता लाटता तिने हे शेकडो वेळा ऐकलं होतं. आपण देशाच्या पश्चिमेकडे, आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा अडतीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. सरांनी अडतीस वजा केले होते.

सांगावं की नाही, हे तिला कळेना. शेवटी हळूच म्हणाली, "अहो, अडतीस मिळवायचे ना?"

ते तिच्याकडे बघत राहिले. "हो का?" त्यांनी विचारलं. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारावं, तसं.

खाली चला म्हणून तिने परोपरीने विनवलं, पण ते हलले नाहीत. तिने पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्याशेजारी उभी राहिली. सावली आखडत गेली. बारा चौतीसला ती पाइपच्या बुडाशी शिरली आणि दिसेनाशी झाली.

"गणित बरोबर आहे," सर म्हणाले. मग वही मिटून खिशात ठेवत, "मीच गेलो, सुनीती. क्षिप्राला बोलाव."

चौथ्या दिवशी तिघं पनवेलच्या डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टर तरुण होती, अदबीने बोलत होती. घरच्यांनी मधे सांगायचं नाही, एवढं तिने आधीच बजावलं. मग सरांना म्हणाली, शंभरातून सात वजा करा, आणि तसंच पुढे करत राहा.

सर ताठ बसले. वर्गात बोलत, त्या आवाजात म्हणाले, "त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी."

आणि थांबले.

क्षिप्रा खिडकीबाहेर बघू लागली. सरांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. आजवर कुठल्याही मुलाला त्यांनी उत्तर आयतं सांगितलं नव्हतं, आणि आता तेही कुणाकडे मागत नव्हते. समोरच्या कोऱ्या भिंतीवर नजर लावून शोधत होते.

सुनीतीच्या तोंडात बहात्तर आले होते. ओठ घट्ट मिटून तिने ते आतच धरून ठेवले.