वगळलेल्या अकरा मेंढ्या

शनिवारी गावातल्या सगळ्यांच्या मेंढ्या बेटावरून आल्या. गुनवोरच्या अकरा तेवढ्या तिथेच राहिल्या. उन्हाळाभर एकत्र चरलेला कळप दर सप्टेंबरात सगळं गाव मिळून आणायचं. यंदा तिला कुणी निरोपच दिला नाही. एकेक मेंढी धरून लोकांनी कानातला बिल्ला पाहिला आणि गुनवोरची निघाली की तिथेच सोडून दिली.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गावातली नऊ मुलांची शाळा बंद करायचा ठराव पालिकेत आठ विरुद्ध सात मतांनी पुढे सरकला होता. आठवं मत गावानेच निवडून दिलेल्या गुनवोरचं होतं. गुरुवारी शेवटचं मतदान होतं.

सोमवारी रेडिओवर वादळाचा इशारा आला. बेट सखल, लाटा चढल्या की मेंढ्या वाहून जात. गुनवोर धक्क्यावर ओडवारकडे गेली. मोठी बोट त्याच्याकडेच होती.

"बोट देतोस?"

"देतो की. गुरुवारी हात खाली ठेव."

"शाळेचं छप्पर गळतंय, मास्तर टिकत नाही. दोन वर्षं हेच सांगतेय मी."

"मग मेंढ्यांनाही सांग ना," जाळं आवरता आवरता सिनोवे म्हणाली. "म्हणावं, फेरीबोटीनं या. आमची पोरं जाणारच आहेत तशी पलीकडच्या शाळेत, थंडीत कुडकुडत!"

धक्क्यावरचे सगळे हसले.

गुनवोर स्वतःची छोटी होडी घेऊन निघाली. एका खेपेला चारच मेंढ्या मावत, त्याही पाय बांधून. पहिली खेप घेऊन ती परतली, तेव्हा सात-आठ जण खिशात हात घालून धक्क्यावर उभे होते. तिने दोर फेकला. ओडवारने तो झेलला.

"ओडवार!" सिनोवे ओरडली.

"अगं, हात गेला आपला," तो ओशाळून म्हणाला आणि त्याने दोर पाण्यात सोडला.

होडी धक्क्यावर आपटली. गुनवोरने उडी मारून ती स्वतःच बांधली. चारही मेंढ्या उचलून वर ठेवल्या. कुणी जागचं हललं नाही.

"हट्ट सोड, बाई," ओडवार म्हणाला. "एका मताचा तर प्रश्न आहे."

"माझं आहे ते," ती म्हणाली आणि तिने होडी लोटली.

दुसऱ्या खेपेला आणखी चार आल्या. तिसऱ्या खेपेला समुद्राने होडी बेटाला लागूच दिली नाही. तीन मेंढ्या गेल्या.

गुरुवारी ठराव मतदानाला आला. अध्यक्षांचं वाक्य संपायच्या आतच गुनवोरचा हात वर होता.