वर्षाराणीची पहिली गौर

भाद्रपद लागला की कसबा बावड्यातल्या महानंदाक्काच्या मेडिकलमध्ये पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांचा खप वाढायचा. बायका काउंटरला खेटून उभ्या राहायच्या, पुरुष गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच खोबरेल तेलाची बाटली न्याहाळायच्या आणि मग हळूच मागायच्या. महानंदा गोळ्या द्यायची, सोबत फुकटचं भाषणही द्यायची. देवीसुद्धा बाईच, तिला कसला आलाय विटाळ? बायका "व्हय की अक्का" म्हणायच्या आणि पुडी कमरेला खोचून चालू लागायच्या. भाषणाचा उपयोग शून्य होता.

महानंदा लिंगायताच्या घरातली. आपल्या धर्मात विटाळ मानत नाहीत असं आजोबा छाती फुगवून सांगायचे, आणि त्याच घरात आजी तिला चार दिवस कोपऱ्यात बसवायची. तेव्हाच देवाधर्मावरून तिचं मन उडालं. गळ्यातलं लिंग तिनं काढून ठेवलं, लग्न कचेरीत सही करून केलं. तरी भावाच्या वास्तुशांतीला आईची कटकट नको म्हणून तिनंही एकदा आपल्याच दुकानातली गोळी घेतली होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

२००३ साली गौरीच्या आठ दिवस आधी वर्षाराणी आली. शिरोळची पोर, बावड्यातल्या शालूबाईंची सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उन्हाळ्यात पडून पाय मोडला, प्लास्टरमध्ये असताना पायाच्या शिरेत रक्त गोठलं, तेव्हा तिची सगळी औषधं महानंदाच्याच दुकानातून गेली होती.

"अक्का, गोळ्या द्या की. माझी पहिली गौर हाय. नदीवरनं मलाच आणायची हाय, आणि तारीख नेमकी तवाच येतीय."

"तुला न्हाय देणार. तुझ्या पायाचं ठावं हाय न्हवं? ही गोळी जिवावर बेतंल."

"मग सासूबाईंस्नी काय सांगू?"

"काय बी सांगू नगंस. गप जाऊन गौर आण. कुणाला कळतंय?"

पोरगी घुटमळली. "आणि कायतरी वंगाळ झालं म्हंजे?"

"काय होत न्हाय. मी जबाबदार."

एवढं बोलून महानंदा पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. आज भाषणाचा उपयोग झाला म्हणून ती मनातून खूशही होती.

वर्षाराणीनं पंचगंगेवरून गौर आणली. झिम्मा खेळली, फुगड्या घातल्या. गौरी-गणपती पोचवून चार दिवस झाले नाहीत तोच तिचा नवरा विजयसिंह शिये फाट्यावर मोटरसायकलवरून जाताना टेम्पोखाली सापडला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्याच्या जिन्यात बसून वर्षाराणी सासूसमोर सगळं ओकली. कुणी विचारलंही नव्हतं. तिच्याच्यानं ते पोटात ठेववेना.

शालूबाईंनी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सुनेला शिरोळच्या गाडीत बसवून दिलं. विजयसिंह खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

मग दुकानातला फोन वाजू लागला. दोन-चार दिवसांआड, दुपारच्या वेळी.

"अक्का, माझ्यामुळं न्हवं न्हवं?"

"न्हाय गं. टेम्पोवाला पिऊन हुता. पोलिसांनी लिवलंय तसं."

"व्हय?"

"व्हय."

तेवढ्यावर ती फोन ठेवायची. पुन्हा दोन-चार दिवसांनी तेच. महानंदाला सुरुवातीला राग यायचा, एवढी शिकलेली मुलगी आणि तेच तेच विचारते. मग रागाची जागा भीतीनं घेतली. पोरगी जेवत नाही, पाठच्या बहिणीचं जमत आलेलं लग्न हिच्यापायी अडलंय, बाप तोंड बघत नाही, हे कानावर येत होतं.

दिवाळीनंतर महानंदा स्वतः शालूबाईंच्या दारात गेली. शालूबाईंनी पाणी दिलं.

"माझ्या पोराचा पाय गेला. मी काय म्हणू तुला?"

"मला म्हणा, काय म्हणायचं ते. पोरीला घरी आणा."

"आणतो. पर तिनं एकटीनं न्हाय केलं. तू बी यायचं. गौरीची ओटी भरायची, पाटावर डोकं टेकायचं, भावकीतल्या बायकांदेखत चुकलं म्हणायचं. मग माझी बी जीभ बंद आन् भावकीची बी."

महानंदा आठ दिवस तळमळली. तीस वर्षं तिनं कुठल्या देवापुढं मान वाकवली नव्हती, आणि आता चुकलं म्हणायचं, तेही न केलेल्या चुकीबद्दल. पण शिरोळला एक पोर झिजत होती. शेवटी तिनं मनाशी ठरवलं, कपाळ माझं, लाकडाच्या पाटाला लागेल, तेवढ्यानं कुणाचा संसार उभा राहत असेल तर राहू दे. आपण काय मानतो ते आपल्याला ठाऊक आहे. आईला गप्प करायला गोळी घेतली तेव्हाही तिनं असंच म्हटलं होतं.

शुक्रवारी शालूबाईंनी पेटीतला गौरीचा मुखवटा काढून पाटावर मांडला. सोप्यात पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. शिरोळहून आलेली वर्षाराणी खांबाला टेकून उभी होती, निम्मी झालेली. महानंदानं ओटी भरली, गुडघे टेकले, डोकं पाटावर ठेवलं.

"माझं चुकलं. विटाळात गौर आणायला मी सांगितलं. पदरात घे."

आवाज स्वच्छ आला. बायकांनी सुस्कारे सोडले. शालूबाईंनी डोळे पुसले, सुनेला कुंकू लावलं, आणि विजयसिंहाला चहा नेऊन दे म्हणाल्या. सगळं ठरल्याप्रमाणं झालं.

महानंदा चप्पल घालत असताना वर्षाराणी चहाचा कप घेऊन जवळ आली. महानंदानं तिचा हात धरला.

"झालं आता. नीट ऱ्हा. जेवत जा."

वर्षाराणीनं हात सोडवून घेतला.

"अक्का, तुमी फोनवर न्हाय म्हणायचा, तवा मला वाटायचं, न्हाय बी आसंल. तेवढ्यावर दोन दिस निघायचं." तिनं आत पाटाकडं पाहिलं. "आज तुमी बी डोस्कं टेकलं. म्हंजे माझ्यामुळंच गेला त्येंचा पाय."

"अगं, न्हाय. मी तुझ्यासाठी—"

"चा निवतोय," वर्षाराणी म्हणाली आणि नवऱ्याच्या खोलीत गेली.

त्यानंतर दुपारी दुकानातला फोन वाजला की महानंदा हातातलं गिऱ्हाईक सोडून धावायची. कधी पुरवठादार असायचा, कधी चुकीचा नंबर. वर्षाराणीनं पुन्हा काही विचारलं नाही.