लोरेनचे चार तास

मित्रांनो, मी एक जुनं पंचिंग मशीन आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एका वृद्धाश्रमाच्या मागच्या दाराजवळ मला भिंतीवर टांगलंय. कार्ड आत सरकवलं की ठक्कन वेळ छापायची, एवढंच माझं काम. मी नवं असताना लोक कौतुकाने बघायचे. आता माझ्यावर ओले कोट अडकवतात. आधी वाईट वाटायचं, हल्ली काहीच वाटत नाही.

कमाईत आमचं राज्य देशात पहिल्या काहींत, असं टीव्हीवर सांगतात. ते ऐकून इथं कामाला असलेली लोरेन हसायची. "अगं बाई, मग ही कमाई जाते कुठे? माझ्याकडे तर वळूनही बघत नाही!"

लोरेन म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायची. तिची तीन वर्षांची जोसी पाळणाघरात असे. त्याचे महिन्याला बाराशे डॉलर सरकार भरायचं, पण आईची कमाई ठरलेल्या आकड्यापुढे जाता कामा नये. म्हणून महिनाअखेर लोरेन तासभर आधीच कार्ड पंच करून निघे. पगारवाढही तिने दोनदा नाकारली.

"पैसे नको म्हणणारी तू पहिलीच!" तिची मैत्रीण इव्हॉन चिडवायची.

"तुला काय जातंय बोलायला? जोसीला तू सांभाळणार आहेस?"

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी प्रचंड बर्फ पडलं. दुपारी तीनच्या पाळीचं कोणीच पोचलं नाही. लोरेनने तीनला कार्ड पंच केलं, शेजारणीला फोन करून जोसीला आणायला सांगितलं आणि पुन्हा आत गेली. सातपर्यंत फुकट राबली. कार्डावर मात्र तीनच.

मॅनेजर हार्टिगन यांनी तिला संध्याकाळी एका आजींना सूप भरवताना पाहिलं होतं. माणूस सज्जन. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेनाने तीनचे सात केले आणि सही ठोकली.

"तुझ्या हक्काचे आहेत, लोरेन. दीडपट मिळतील."

"नका हो देऊ. माझा आकडा ओलांडेल, जोसीची मदत जाईल."

"एवढ्या-तेवढ्याला कोण बघतंय? आणि फुकट काम करून घेणं कायद्यात बसत नाही."

बघणाऱ्यांनी बघितलं. ठरलेल्या आकड्यापेक्षा एकेचाळीस डॉलर जास्त झाले होते. पाळणाघराची मदत बंद झाली. बाराशे डॉलर पदरचे भरणं जमेना, म्हणून लोरेनने नोकरी सोडली. आता कमाई शून्य, पण ती मदत नोकरी करणाऱ्या आयांनाच मिळते.

एप्रिलमध्ये ती गणवेश परत द्यायला आली, कडेवर जोसी.

"मला वाटलं, मी तुझं भलं करतोय," हार्टिगन म्हणाले.

"केलंत ना. आता हिला ठेवून घेता का सकाळी सात ते दुपारी तीन?"

त्यांनी गणवेश हातात घेतला. ती गेली.

मित्रांनो, नको म्हणणारा माणूस कारण सांगत असेल, तर ते नीट ऐका. माझं सांगणं इतकंच. लोरेनच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. तिच्या म्हाताऱ्यांना आता एक दिवसाआड अंघोळ मिळते.