चांगुणाबाईंचं कोपर आणि माझा हेवा

मी एक जुना कोनमापक आहे. तुमच्या कंपासपेटीतला नव्हे, मित्रांनो. स्टीलच्या दोन पट्ट्या, मध्ये खिळा आणि त्याभोवती कोरलेले अंश, असा मी. अहिल्यानगरच्या सावेडीत सुकन्या मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. तिथल्या टेबलाच्या खणात मी असतो. पूर्वी मॅडमच्या ॲप्रनच्या खिशात असायचो.

पक्षाघाताने कुणाचा हात आखडला की मॅडम तो सावकाश, जमेल तितका सरळ करायच्या आणि मला कोपराला लावायच्या. माझी एक पट्टी दंडावर, दुसरी मनगटाकडे. कोपर किती उघडलं ते मी सांगायचो. घरची माणसं माझ्यावर वाकून बघायची. त्या दिवसांत मला कुणाचाच हेवा वाटत नव्हता.

मग ते यंत्र आलं. पेशंटचा हात त्यात बांधला की ते तो आधी हळू, मग झटकन सरळ करतं. स्नायू किती जोराने अडवतो, त्याची रेघ पडद्यावर उमटते. मॅडम त्याला रोज मऊ कापडाने पुसू लागल्या. माझ्या अंगावर मात्र टेप आणि पेनं येऊन पडली. वीज गेली आणि यंत्र बंद पडलं की मला बरं वाटायचं.

त्याच सुमारास श्रीगोंद्याकडच्या चांगुणाबाई येऊ लागल्या. त्यांचा डावा हात छातीशी घट्ट दुमडलेला होता. कोपराच्या घडीत घाम साचून कातडी सोलली होती. ब्लाउजच्या बाहीत हात घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी दंडात ताठरपणा कमी करणारं इंजेक्शन द्यायचं ठरवलं. त्याआधी यंत्राने आणि मी, दोघांनीही त्यांचा हात मोजला.

इंजेक्शननंतर पुन्हा मोजायची वेळ आली, तेव्हा यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. मॅडमनी मला बाहेर काढलं. मी हरखलो. पण कोपर पूर्वीइतकंच उघडलं. माझा आकडा तोच आला.

"म्हंजी सुईनं कायच झालं न्हाई," चांगुणाबाईंचे पती गोरक्षनाथ म्हणाले. "हिला एसटीत चढवताना लई हाल होत्यात. आता बास करू, मॅडम."

"तुमी म्हनता तसं," चांगुणाबाई खाली बघत म्हणाल्या.

"काका, एकदाच या," मॅडम म्हणाल्या. "यंत्र आलं की फोन करते. मग तुम्ही ठरवा."

ते आले. मी उघड्या खणातून बघत होतो. माझ्या आकड्यासारखीच यंत्राची रेघही जागची हलू नये, असं मला वाटत होतं. पण पडद्यावरची रेघ आधीच्या रेघेपेक्षा बरीच खाली राहिली.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "हात झटकन ओढला की स्नायू आधी किती जोराने धरून ठेवायचा. आता तेवढा धरत नाही. इंजेक्शन लागू पडलंय. फक्त दुमडून दुमडून स्नायू आखूड झालाय, म्हणून कोपर उघडत नाही. आधी तो ताणूच देत नव्हता. आता रोज ताणून लांब करता येईल."

"मंग सोडायचं न्हाई?" गोरक्षनाथांनी विचारलं.

"आत्ता तर मुळीच नाही."

चांगुणाबाई नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मी येनार."

त्या येत राहिल्या. कोपराला आधाराची पट्टी बांधली, घरी गोरक्षनाथ रोज हात ताणून देऊ लागले. हळूहळू कोपर उघडलं. ते मोजायला मॅडमनी मला लावलं आणि माझा आकडा मोठ्याने वाचला. मी अभिमानाने चमकलो. चांगुणाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "त्या मशीनला बी ईचारा की, खरं हाय का."

माझा जळफळाट अजून गेलेला नाही. तरी मित्रांनो, एक विनंती करतो. तुमच्या घरी कुणाचा हात असा आखडला असेल, तर तो दिसायला तसाच राहिला म्हणून उपचार सोडू नका. हात नीट मोजून घ्या. माझ्याकडून घ्या, आणि नाइलाजाने सांगतो, त्याच्याकडूनही घ्या.