टाकीवरचा पाहुणा

मुखेडच्या माणिकप्पांच्या लेकीला, मंजुश्रीला, बघायला लातूरहून पाहुणे येणार होते. मुलगा वीरेश कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, म्हणून माणिकप्पांनी पत्ताही इंग्रजीतच कळवायचा ठरवला.

"नियर द वॉटर टँक लिहा, अप्पा," मंजुश्री म्हणाली.

"नियर म्हंजे जवळ. सारं गाव काय म्हणतंय? माणिकप्पा टाकीवर राहतो. वर म्हंजे ऑन!" आणि त्यांनी मेसेज ठोकला : 'वुई आर ऑन द वॉटर टँक. प्लीज कम.' मग ते पेढे आणायला गेले. आठवडी बाजाराच्या गलक्यात पाहुण्यांच्या फोनची रिंग त्यांना ऐकूच आली नाही.

इकडे वीरेश आणि त्याचे रामलिंगमामा टाकीखाली उभे.

"कुणाला तरी इचारू की," मामा म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? जवळ असते तर नियर लिहिलं असतं. ऑन म्हणजे वर, टेकून. हवेशीर म्हणून वर सोय केली असेल."

आणि कडक इस्त्रीच्या शर्टात वीरेश शिडी चढला. वर एक घार बसली होती, बाकी कुणी नव्हतं. त्यानं खाली बघितलं मात्र, कठड्याला मिठीच मारली. उतरणं काही जमेना.

टाकीवर माणूस म्हणजे आंदोलनच. अख्खा बाजार लोटला. नायब तहसीलदार भोंगा घेऊन धावत आले.

"तुमच्या मागण्या काय आहेत?"

"मुलगी बघायला आलोय!"

"प्रशासन सकारात्मक आहे! आधी खाली या!"

"पोरगी दाखवा! पोरगी दाखवा!" पब्लिक पेटली. पेढ्यांचा पुडा उंचावून माणिकप्पाही ओरडत होते. मध्येच त्यांनी शेजारी उभ्या माणसाला विचारलं, "कुणाची पोरगी हो?"

ते रामलिंगमामा होते. "कुणा माणिकप्पाची."

माणिकप्पा पळतच घरी गेले आणि मंजुश्रीला घेऊन आले. तिनं भोंगा घेतला. "सर, ऑन चुकून पडलं! नियर होतं!"

"ॲटसुद्धा चाललं असतं!" वरून थरथरता आवाज आला.

"ते मागून बघू. आधी डावा पाय खाली घ्या. आता उजवा."

असं एकेक पाऊल सांगत तिनं त्याला उतरवलं. खाली येताच तो मटकन बसला आणि तिथंच त्यानं चार पेढे खाल्ले.

पाहुणे गेल्यावर माणिकप्पांनी भीतभीत विचारलं, "काय कळवू, माय?"

"हाव म्हणा," मंजुश्री हसू दाबत म्हणाली, "सांगितलेलं इतकं मनावर घेणारा माणूस दुसरा मिळायचा न्हाई. फक्त मेसेज मी लिहिते."